नांगरट सोडताना पेरणी यंत्र कोणतं?
दादा, सोयाबीनच्या धसकटातच हरभरा पेरायचा तर घरचं यंत्र चालेल का, असं विचारलंत. साधे फण भुसभुशीत रानासाठी असतात. न नांगरलेल्या रानात ते वर उचलले जातात, नाहीतर काड गोळा करून अडकतात. शून्य मशागतीच्या यंत्राचा फण उलट्या टी आकाराचा असतो, अरुंद चीर पाडून आत बी-खत सोडतो. काड मळणीला बाहेर गेलं असेल तर एवढं पुरतं. हार्वेस्टरने रानातच पसरलं असेल तर फणापुढे कापणारी तबकडी हवीच. पंजाबातलं हॅपी सीडर हे पेरणी यंत्र भाताच्या काडासाठी आहे, त्याला साधारण 45 एचपीचा ट्रॅक्टर लागतो. आपल्याला एवढं कशाला?

काळ्या रानात खरी गोम वापशाची, म्हणजे पेरणीजोगत्या ओलीची. ओल जास्त असली की तबकडी काड कापत नाही, चिरेत दुमडते आणि बी त्या काडावरच बसतं. शिवाय चिरेच्या भिंती लिंपल्यासारख्या होतात, वाळल्या की चीर उघडी पडते. म्हणून चीर दाबून बुजवणारं दाबचाक नसलेलं यंत्र मी तरी घेणार नाही.

आधी भाड्याने आणून एक एकर पेरा. दोन ओळी पेरून झाल्या की खुरप्याने उकरून बघा, हरभरा 5 ते 7 सेंमीवर पडलाय का. दुकानदार हे सांगत नाही.