आभासी जगांची परस्परसंगती: झिरो माइलचे घोडे आडवे का पडले?

धरमपेठकर (प्रश्न)
आम्ही तिघांनी अंतरे मोजण्याचा आरंभबिंदू मानल्या जाणाऱ्या नागपूरच्या झिरो माइलचा खांब आणि त्याजवळचे चार घोडे यांची त्रिमितीय प्रतिकृती ब्लेंडर या संगणक-प्रणालीत तयार केली. घोड्याला स्पर्श केला की मराठीतून माहिती ऐकू यावी, अशी सोयही एका आभासी जगात केली. तीच प्रतिकृती दुसऱ्या जगात नेली, तेव्हा घोडे आडवे पडले, खांब बोटभर झाला आणि आवाज तर आलाच नाही. सर्वत्र चालेल असे एखादे मानक आज आहे काय?

महालकर
ब्लेंडरमध्ये झेड अक्ष वर असतो; दुसरीकडे वाय अक्ष वर धरला असेल, तर वस्तू आडवी होते. मीटरचा आकडा सेंटिमीटर म्हणून वाचला गेला, की ती शंभरपट लहान दिसते. मोजणी कुठून आणि कशाने करायची हे आधी ठरवावे लागते, हे झिरो माइलची प्रतिकृती करणाऱ्यांनाच सांगावे लागावे, ही गंमत आहे! ख्रोनोस ग्रुप या मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या जीएलटीएफ 2.0 या 2017 च्या त्रिमितीय फाइल-स्वरूपात मीटर आणि वरचा वाय अक्ष हे दोन्ही ठरलेले आहेत, आणि 2022 मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाचा दर्जाही मिळाला आहे. त्यात निर्यात करून पाहावे.

बर्डीकर
याने आकाराचा प्रश्न सुटेल, आवाजाचा नाही. कारण स्पर्श केल्यावर काय घडावे, हे जीएलटीएफच्या मूळ मानकात लिहिताच येत नाही. जुलै 2008 मध्ये आयबीएम आणि लिंडेन लॅब यांनी लिंडेनच्याच सेकंड लाइफ या आभासी जगातील अवतार (वापरकर्त्यांची आभासी रूपे) ओपनसिम या दुसऱ्या प्रणालीवरील जगात पाठवून दाखवले, तेव्हाही अवतार पोहोचले, त्यांचे सामानसुमान मात्र मागेच राहिले. माझ्या मते खरी अडचण तंत्राची कमी आणि मालकीची अधिक आहे: एका जगात विकत घेतलेला फेटा दुसऱ्या जगाने का मान्य करावा? जपानमधून आलेल्या व्हीआरएम या स्वरूपात अवतार कोणी वापरावा, व्यावसायिक वापर चालेल काय, याची नोंद फाइलीतच असते, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची सोय. जून 2022 मध्ये स्थापन झालेला मेटाव्हर्स स्टँडर्ड्स फोरम मानके स्वतः लिहीत नाही, ती लिहिणाऱ्या संस्थांना एकत्र आणतो. तेव्हा तिथून तयार उत्तराची अपेक्षा ठेवू नये.

धरमपेठकर
दोघांचेही आभार. जीएलटीएफमधून नेल्यावर घोडे उभे राहिले आणि खांबही पूर्ण उंचीचा झाला. ध्वनिफिती आता वेगळ्या ठेवल्या असून, स्पर्शाची आज्ञावली तेवढी प्रत्येक जगासाठी नव्याने लिहीत आहोत.