अमेरिकेतली छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं : तुमचे अनुभव लिहा

मार्च उजाडला की ओळखीतल्या एखाद्या घरातून मला फोन येतोच. मुलीला ग्रिनेल किंवा ओबर्लिनहून प्रवेशाचं पत्र आलेलं असतं आणि घरात कुणी त्या कॉलेजचं नाव आधी ऐकलेलं नसतं. लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे एकाच शाखेत न अडकता विज्ञान, गणित, साहित्य, समाजशास्त्र सगळं शिकवणारं कॉलेज. दीड ते तीन हजार विद्यार्थी, जवळजवळ सगळे पदवीचेच, आणि आजूबाजूला मक्याची शेतं. "एवढा पैसा ओतून खेड्यात पाठवायचं?" हा आजोबांचा प्रश्न ठरलेला. माझं उत्तर 'हो, पाठवा' असंच असतं. पण एकटीच्या अनुभवावर कुणी एवढा मोठा निर्णय घेऊ नये, म्हणून हा धागा. शिकला असाल, शिकवत असाल, मुलांना पाठवलं असेल तर लिहा. वर्गात काय चालतं ते मुख्यतः लिहा, कारण ते माहितीपत्रकातल्या फोटोंतून कळत नाही. सुरुवात मी करते.

माउंट होल्योक, मॅसॅच्युसेट्स

मेरी लायन यांनी १८३७ मध्ये सुरू केलेलं मुलींचं कॉलेज. मी अर्थशास्त्र ठरवूनच गेले होते. विज्ञानाचा एक विषय घ्यावाच लागतो म्हणून भूशास्त्र घेतलं. वर्गात आम्ही मोजक्या मुली, आणि अर्धं शिकणं कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात हातोडी घेऊन. तिथल्या खडकांत डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत. १८०२ मध्ये कॉलेजच्या गावी, साउथ हॅडलीतच शेत नांगरताना एका मुलाला असा ठसा सापडला होता. कॉलेजला ज्याचं नाव आहे तो डोंगर बेसॉल्टचा. मी साताऱ्याची, काळा कातळ बघतच वाढलेली. आमचा दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा वीस कोटींचा, हे कळलं त्या दिवशी माझा विषय बदलला. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत जाहीर करायचा असतो, त्यामुळे कुणाची परवानगी मागावी लागली नाही. घरी मात्र समजवावं लागलं.

शरद ऋतूत एका सकाळी अचानक घंटा वाजतात. तो 'माउंटन डे': सगळे तास रद्द, सगळ्यांनी त्याच डोंगरावर जायचं. तारीख आधी कुणाला सांगत नाहीत.

परीक्षेची गोष्ट लिहायलाच हवी. सत्राच्या शेवटच्या पेपरची वेळ आपण निवडायची, पेपर घ्यायचा आणि बसून लिहायचा. पर्यवेक्षक नाही. 'ऑनर कोड'वर, म्हणजे प्रामाणिकपणे वागण्याच्या नियमांवर, सही केलेली असते, तेवढंच. आपल्याकडे पेपरच्या आधी खिसे तपासून घेणाऱ्यांतली मी; माझ्यावर कुणी एवढा विश्वास टाकलाय, हे मला फार मोलाचं वाटलं आणि आजही वाटतं.

ग्रिनेल, आयोवा

इथे सक्तीचा विषय एकच, पहिल्या सत्रातलं ट्युटोरियल, म्हणजे वाचन, चर्चा आणि लेखनाचा छोटा वर्ग. बाकी काय शिकायचं ते तुम्ही आणि तुमचे सल्लागार प्राध्यापक मिळून ठरवता. मला हे स्वातंत्र्य वाटलं, पण सर दर वेळी "हाच विषय का?" असं विचारत आणि उत्तर आल्याशिवाय सोडत नसत. पुण्यात आमच्या वर्गात शंभरच्या वर मुलं होती, मागच्या बाकावर वर्ष निघून जायचं. इथे टेबलाभोवती दहा-बारा जण. वाचून आला नाहीत तर पाच मिनिटांत कळतं. पहिला निबंध परत आला तेव्हा समासात माझ्या मजकुराइतक्याच सरांच्या ओळी होत्या. दुसरा खर्डा, तिसरा खर्डा, मग मार्क.

इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस इथले १९४९ चे पदवीधर. त्यांच्या नावाच्या विज्ञान इमारतीत मी पहिल्याच वर्षी प्राध्यापकांबरोबर प्रयोग करत होतो, कारण त्यांच्या हाताखाली पीएचडीचे विद्यार्थी नव्हतेच. उपकरण बिघडलं तर दुरुस्तही आम्हीच करायचं.

गाव नऊ-दहा हजारांचं. कॅम्पसमधून रेल्वे जाते, रात्री मालगाड्यांचे भोंगे. हिवाळा कठीण जातो. पहिल्या फेब्रुवारीत मला परत यावंसं वाटत होतं. होस्ट कुटुंबातल्या (परदेशी विद्यार्थ्याला आपलं मानणारं गावातलं घर) आजींनी दर रविवारी जेवायला बोलावलं, त्यावर तो महिना निघाला.

एक पालक, सांगली

ताई, पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. या कॉलेजांचा छापील खर्च आता वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर आहे. तो आकडा बघून फॉर्म बंद करू नका. बरीच कॉलेजं घरची ऐपत बघून मदत देतात. त्यासाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो: पगार, ठेवी, घर, जमीन, सगळं. आमचं उत्पन्न द्राक्षबागेचं, एका वर्षी बरं तर दुसऱ्या वर्षी अवकाळीत गेलेलं. कॉलेजला तसं पत्र लिहून मागची वर्षं मांडली. त्यांनी ते वाचलं आणि उलट प्रश्नही विचारले.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की बहुतेक ठिकाणी प्रवेशाची शक्यता कमी होते. ॲमहर्स्टसारखी थोडीच कॉलेजं याला अपवाद. आणि पहिल्या वर्षी मागितली नाही तर पुढे मिळेल या भरवशावर राहू नका, अनेक कॉलेजं नंतर देत नाहीत. आमच्या सल्लागाराने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की आर्ट्स म्हणजे मार्क कमी पडलेल्यांसाठी. माझी मुलगी तिथे गणित शिकते आहे.

रीड, पोर्टलंड

थोडक्यात लिहितो. ग्रेड नोंदवल्या जातात, पण काम बरं चाललं असेल तर मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. त्यामुळे मित्रांत मार्कांची तुलना नाही, वादावादी मात्र भरपूर. कॅम्पसवर संशोधनासाठीची अणुभट्टी आहे, ती परवानाधारक पदवीचे विद्यार्थी चालवतात, त्यांत तत्त्वज्ञानाचीही मुलं असू शकतात. शेवटचं वर्षभर प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो, विषय कुठलाही असो. दमवणारं वर्ष. पण आज नोकरीत कुठलंही लांबलचक काम अंगावर आलं तरी मी घाबरत नाही, ते त्यामुळेच.

शिकवणाऱ्या बाजूने, ओहायो

वरचं सगळं खरं आहे. तरी एक बाजू राहिली, ती सांगणं माझं काम आहे. छोट्या कॉलेजात विभागही छोटे असतात. माझ्या विभागात आम्ही तिघं. एक जण सबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) गेला की त्याचे विषय वर्षभर बंद, आणि मुलीला हवा असलेला वरचा कोर्स नेमका तोच असू शकतो. ॲमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक यांना शेजारच्या कॉलेजांत कोर्स घेण्याची सोय आहे. आमच्यासारख्या एकट्या पडलेल्यांना नाही. विद्यार्थिसंख्या घटल्यामुळे काही कॉलेजांनी अख्खे विभाग बंद केलेत, काही कॉलेजंच मिटली आहेत. मोठी पुंजी असलेल्यांना ही चिंता नाही, म्हणून एंडाउमेंट, म्हणजे ही गुंतवलेली पुंजी, किती ते आधी बघा.

इंजिनीअरिंग हवं असेल तर स्वार्थमोर, स्मिथ, लाफायेट अशी नावं शोधा. बहुतेकांकडे ते नसतं. नोकरीसाठी मेजर 'स्टेम'मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) मोडतो का तेही विचारा, कारण परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर अमेरिकेत एक वर्ष काम करता येतं की तीन, हे त्यावर ठरतं.

आणि प्रवेश घेण्याआधी विभागप्रमुखांना सरळ ईमेल करा: तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे कोर्स गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात कोणते शिकवले गेले? आम्ही अशा ईमेलना उत्तर देतो. नाही आलं, तर त्या कॉलेजबद्दल जे कळायचं ते तुम्हाला कळलं.