मदत हवी आहे: भाषा-धर्म एक असला की उठाव शेजारच्या देशात पसरतो का?

नमस्कार मंडळी, मी पेडण्याची, एमए इतिहास करतेय, सेमिनारला २०११ चे अरब उठाव घेतलेत. "भाषा एक, धर्म एक, म्हणून पसरले" असं म्हटलं तर सर म्हणाले, मग २००९ ला इराणात एवढे मोर्चे निघाले ते का नाही गेले कुठे, तेही मुसलमानच ना?

भाषेचं मला पटतंय. डिसेंबर २०१० मध्ये ट्युनिशियातल्या सिदी बूझिद गावात बुअझिझी या फेरीवाल्याने पेटवून घेतलं, १४ जानेवारीला तिथला अध्यक्ष बेन अली पळाला, आणि ट्युनिशियातली "अश्शाब युरीद इस्कात अन्निझाम" (जनतेला ही राजवट पाडायचीय) ही घोषणा जशीच्या तशी इजिप्तचं कैरो, येमेनचं सना करत सीरियातल्या दरा गावच्या शाळकरी पोरांनी भिंतीवर रंगवली. गंमत म्हणजे ट्युनिशियाची घरातली बोली इजिप्तवाल्याला धड कळत नाही, पण घोषणा आणि अल जझीरा ही बातम्यांची वाहिनी दोन्ही प्रमाण अरबीत, म्हणजे आपल्याकडे कसं घरी कोकणी आणि पेपर नि आरत्या मराठीत, तसंच काहीसं. इराणची फारसी यात बसतच नाही.

धर्माचं मात्र अडतंय. २८ जानेवारीला इजिप्तचा अध्यक्ष मुबारकने नेट, मोबाईल सगळं बंद केलं पण शुक्रवारचा नमाज कसा बंद करणार, लोक मशिदीतून थेट रस्त्यावर आले. म्हणजे धर्माने जमायची जागा दिली एवढंच ना? कैरोच्या तहरीर चौकात कॉप्टिक (इजिप्तमधले) ख्रिश्चनही होतेच की. आणि बहरीनमध्ये शिया प्रजा, सुन्नी राजा, तिथे धर्मानेच फूट पाडली आणि सौदी फौज आली ती राजाच्या बाजूने.

शिवाय युरोपात १८४८ च्या उठावांत पालेर्मो, पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन, भाषा वेगवेगळ्या तरी तीन महिन्यांत पेटलं. मग भाषेला किती मार्क द्यायचे? आणि आपल्या गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला पोर्तुगीजांच्या गोळ्या खाल्लेले गोवा मुक्तीचे सत्याग्रही बाहेरून आलेले, ते उदाहरण यात घेऊ का, का विषय भलतीकडे जाईल?

प्रतिसाद: पत्रादेवी नको गं, तो पसरलेला उठाव नव्हे, बाहेरून आलेली साथ. त्यापेक्षा मोरोक्को घे. भाषा तीच, धर्म तोच, फेब्रुवारीत मोर्चेही निघाले, पण राजाने जुलैत नवी घटना मताला टाकली आणि गादी राखली. सरांना हे आधी सांग.

धागाकर्ती: अरे हो की! मग मुद्दा असा करते, भाषेने बातमी नि घोषणा पोचते, पुढे काय होणार ते तिथल्या राजवटीवर. जॉर्डनचं कुणी वाचलंय का?