शामोनीला जाताना प्लातो दासीचं चर्च बघावं का?

जिनिव्हाकर: ऑगस्टमध्ये आई-बाबा येतायत. एक दिवस फ्रेंच आल्प्समधल्या शामोनीला नेणार आहे. वाटेत पासीच्या वर, प्लातो दासीला एक आधुनिक चर्च आहे असं कळलं. फोटोत तर जाडजूड खांबांचं, उतरत्या छपराचं मोठं लाकडी घर वाटतं. आधुनिक ते काय? तासभर काढावा का?

रेवा_ल्यों: नक्की काढा. मी दोनदा गेलेय. छप्पर तसं आहे ते बर्फासाठी, खांब तिथल्याच दगडाचे. मॉरिस नोवारिना हा इथल्याच सावोय भागातला वास्तुकार, आल्प्समधली घरं बघत वाढलेला. काम १९३७ ला सुरू झालं, मध्ये युद्ध आलं, अभिषेक १९५० मध्ये. आधुनिक आहे ती इथली कला, विसाव्या शतकातल्या नावाजलेल्या कलाकारांची. दर्शनी भिंतीवर लेजेचं मोझेइक आहे, लाल-पिवळं-निळं, ढगाळ दिवशीसुद्धा लांबून दिसतं. आत रुओच्या रंगीत काचा, पिवळ्या फरश्यांवर मातिसने नुसत्या काळ्या रेषांत काढलेला संत डॉमिनिक, वेदीमागे लुर्साचा भला मोठा विणलेला पडदा.

पण हे चर्च कोणासाठी बांधलं ते आई-बाबांना आधी सांगा. हा सगळा डोंगर टीबीच्या सॅनेटोरियमांचा होता. माझे आजोबा पाचगणीला बेल एअरमध्ये सहा महिने होते. औषध म्हणजे हवा, दूध आणि पडून राहणं. त्यामुळे जर्मेन रिशिए या शिल्पकर्तीचा क्रुसावरचा येशू बघताना मला दुसरं काही सुचलंच नाही. ब्राँझचा, चेहरा नसलेला, झिजलेल्या खोडासारखा. बाहेरच्या लोकांना तो विटंबना वाटला आणि १९५१ मध्ये बिशपने काढायला लावला. इथल्या आजाऱ्यांना मात्र तो आपल्यातला वाटत होता. पुढे तो परत आला. त्याच्यासमोर जरा बसा, घाई करू नका.

काचकाम: बाप्तिस्म्याच्या जागेतलं शागालचं काम चुकवू नका. तांबडा समुद्र ओलांडणारे बायबलमधले इस्राएली, रंगवलेल्या फरश्यांवर. शागाल ज्यू, मरियमेचा पुतळा करणारा लिपशित्सही ज्यू; त्याने पुतळ्यावर तसं कोरूनच ठेवलंय. ही माणसं जमवली ती डॉमिनिकन पंथाचे फादर कुतुरिए आणि इथले पाद्री देवेमी यांनी. कलाकार श्रद्धावान हवा असा हट्ट धरला नाही, चांगला हवा एवढंच बघितलं. मला हेच सगळ्यात मोठं वाटतं.

जिनिव्हाकर: रेवाताई, बाबांच्या मोठ्या बहिणीला टीबी होता, मिरजेला ठेवलं होतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले शामोनी राहिलं तरी चालेल.

रेवा_ल्यों: मग सकाळीच पोचा. मिस्सा (चर्चमधली उपासना) चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर थांबा, समोर माँ ब्लाँ आहेच.