यूएसबी हेडसेट घेऊ की साउंड कार्ड टाकून ३.५चा? खरखरीने वैताग आलाय

नाशिकचा_नेमबाज

नमस्कार मंडळी, हेडसेट घ्यायचाय आणि जेवढ्यांना विचारलं तेवढी उत्तरं मिळाली म्हणून इथे टाकतोय. पीसी म्हणजे रायझन ५ ५६००, बी४५०चा मदरबोर्ड, आरटीएक्स ३०६०. गेम मुख्यतः नेमबाजीचे, व्हॅलोरंट आणि सीएस २, रात्री कॉलेजच्या पोरांबरोबर डिस्कॉर्डवर (खेळताना बोलायचं ॲप). आत्ताचा हेडसेट ३.५ एमएमच्या दोन पिनांचा आहे, एक हिरवी एक गुलाबी, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावतो. त्यात सतत बारीक सूंऽऽ येतं, माउस हलवला की खरखर, गेम लोड व्हायला लागला की किर्रर्र, आणि मित्र म्हणतात तुझ्या माइकमागे मिक्सर चालू आहे का. कानाची गादी पण फाटलीये त्यामुळे नवीन घ्यायचाच आहे.

दुकानदार म्हणतो यूएसबीचा घ्या, ७.१ आहे, म्हणजे आठ स्पीकर चारी बाजूंना ठेवल्यासारखा आवाज, मागून कोणी आला तरी कळेल. मावसभाऊ म्हणतो यूएसबी घेऊच नको, चांगलं साउंड कार्ड टाक आणि त्याला साधा ३.५चा लाव. आणि एक मित्र म्हणतो साउंड कार्ड पण घे आणि यूएसबी हेडसेट पण घे, दोन्ही मिळून एकदम कडक होईल. बजेट सगळं धरून ५ हजार. मला फक्त गेममधल्या शत्रूच्या पावलांचा आवाज कुठून येतोय ते कळायला हवं आणि माझा आवाज समोर स्वच्छ जायला हवा. काय करू?

तारवाला_काका

आधी ते तिसरं डोक्यातून काढून टाक, कारण त्यात पैसे सरळ पाण्यात जातील. कॉम्प्युटरच्या आत आवाज म्हणजे नुसते आकडे असतात, कानाला ऐकू यायला त्याचा विजेचा सिग्नल कोणीतरी बनवावा लागतो, ते काम करणारी चिप म्हणजे डीएसी, आणि माइकसाठी उलटं काम करणारी एडीसी. मदरबोर्डवर ती असतेच, बहुतेक रियलटेकची. साउंड कार्ड घेतलं तर त्यावर असते. आणि यूएसबी हेडसेटमध्ये ती वायरवरच्या डबीत नाहीतर कानाच्या कपात बसवलेली असते. म्हणजे यूएसबी हेडसेट लावला की विंडोजला ते एक वेगळंच साउंड कार्ड दिसतं आणि तुझं महागडं कार्ड आत नुसतं बसून राहतं, आवाज त्याच्याकडे जातच नाही. त्यामुळे दोन्हीपैकी एकच.

आता तुझ्या खरखरीबद्दल. माउस हलवल्यावर खरखर आणि लोड होताना किर्र, हे हेडसेटचं दुखणं वाटत नाही. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपासून मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक वायर जाते, बऱ्याच कॅबिनेटमध्ये तिला शील्डिंग, म्हणजे बाहेरचा गोंगाट अडवणारं आवरण, नसतं, ती ग्राफिक्स कार्डच्या शेजारून जाते आणि वाटेत सगळा कचरा गोळा करते. आत्ताचाच हेडसेट मागच्या बाजूला मदरबोर्डच्या जॅकला लावून बघ, हिरवी हिरव्यात, गुलाबी गुलाबीत. पैसे शून्य. मग पुढचं बोलू.

आणि दुसरं, हे खरंच मनावर घे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावलं तर झिणझिण्या येतात का? आपल्याकडे जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नसते. एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यात, आतला गोंगाट अर्थिंगला सोडायला छोटे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसलं की तोच करंट पत्र्यावर येऊन बसतो, आणि पत्रा नि ऑडिओची ग्राउंड एकच असल्यामुळे तो गुणगुण आवाज माइकमध्ये शिरतो. तसं असेल तर कुठलाही हेडसेट घेतलास तरी पुरतं समाधान होणार नाही, इलेक्ट्रिशियनला बोलव. पत्र्याला झिणझिण्या येणं हे आवाजापुरतं नाही, जिवाशी गाठ आहे.

ए_साइट_वरची

काकांना प्लस वन. मी पावलांबद्दल बोलते कारण सीएस बरीच वर्षं खेळतेय आणि ७.१च्या नावाखाली लोकांना काय काय विकतात ते बघून राग येतो.

स्वस्त यूएसबी हेडसेटवर ७.१ लिहिलेलं असतं तेव्हा आत आठ स्पीकर नसतात, प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, असतो. बाकीचं सॉफ्टवेअर करतं. आणि हे काम गेम स्वतः फार चांगलं करतो कारण पावलं नक्की कुठे पडली हे गेमलाच माहीत असतं. त्याला एचआरटीएफ म्हणतात. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित दबून पोचतो, शिवाय कानाच्या पाळीच्या आकारामुळे समोरचा, मागचा, वरचा आवाज वेगवेगळा रंगतो, ते सगळं गणित करून दोनच ड्रायव्हरमधून दिशा दाखवतात. व्हॅलोरंटमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफचं बटण आहे, ते चालू कर. सीएस २ मध्ये ते आतच आहे. आता यावर तू हेडसेटचं ७.१ पण चालू केलंस तर एकदा दिशा घातलेल्या आवाजाला परत दिशा घातली जाते आणि सगळं बादलीत बोलल्यासारखं घुमायला लागतं, समोरचं-मागचं कळत नाही. विंडोज सोनिक किंवा डॉल्बी ॲटमॉस पण या गेमना बंदच ठेव, विंडोजमध्ये स्टिरिओ, बस.

तेव्हा ७.१ आहे म्हणून एक रुपया जास्त देऊ नकोस. ते पैसे चांगल्या ड्रायव्हरला आणि कानाच्या गादीला दे, दोन तास खेळल्यावर कान दुखले तर कसली पावलं ऐकणार.

धारवाडी_पेढा

मी मावसभावाची बाजू थोडी समजू शकतो, पण त्याची माहिती जुन्या काळातली आहे. एक काळ होता की गेमिंगला साउंड कार्ड लागायचंच. साउंड ब्लास्टर लाइव्ह १९९८चं, त्यात ईएएक्स होतं, गुहेत शिरलं की आवाज गुहेसारखा घुमायचा आणि ते सगळं कार्डवरची चिप करायची, प्रोसेसरवर भार नाही, फ्रेम पण वाढायच्या. त्या काळी कार्ड असलेल्याला आणि नसलेल्याला वेगळाच गेम ऐकू यायचा हे अगदी खरं. पण २००७ला विंडोज व्हिस्टा बाजारात आलं आणि त्यात मायक्रोसॉफ्टने विंडोजची आवाजाची सगळी रचना बदलली, गेमला कार्डाच्या हार्डवेअरपर्यंत विंडोजच्याच डायरेक्टसाउंडमधून जायची जी वाट होती ती बंद झाली. साउंड ब्लास्टरवाल्या क्रिएटिव्ह कंपनीने अल्केमी नावाचं सॉफ्टवेअर काढून जुने गेम चालवायची सोय केली, पण नवीन गेमवाल्यांनी आवाजाचं काम प्रोसेसरवरच घेतलं. आजचा सहा कोअरचा प्रोसेसर ते झोपेत करतो.

आज कार्डाचा उपयोग दोनच ठिकाणी. मदरबोर्डचा आवाज खरंच घाण असेल तर, किंवा तुझ्याकडे चालवायला जड, म्हणजे जास्त ओहमचा (विजेला जास्त अडवणारा) हेडफोन असेल तर, जसा बेयरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो २५० ओहमचा, किंवा सेनहायझरचा एचडी ६०० जो ३०० ओहमचा आहे. त्यांना जोर लागतो, साध्या जॅकवर आवाज बारीक येतो. गेमिंगचे हेडसेट बहुतेक ३२ ओहमच्या आसपास किंवा थोडे वर असतात, ते मोबाइलवर पण वाजतात. ५ हजारात कार्ड घेतलंस तर हेडसेटला उरणार काय? शिवाय आतलं कार्ड बसवायला पीसीआय एक्सप्रेसची छोटी जागा मोकळी लागते आणि छोट्या बोर्डवर ती नेमकी ग्राफिक्स कार्डखाली दबलेली असते. बसलं तरी ते कार्ड त्याच डब्यात, त्याच गोंगाटात.

दुपारची_शिफ्ट

सगळे यूएसबीला नावं ठेवायला लागले म्हणून लिहितो. मी दिवसभर ऑफिसच्या लॅपटॉपवर कॉल घेतो आणि रात्री त्याच हेडसेटवर खेळतो. वायर इथून काढली तिथे लावली, वेगळं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकायला नको काही नको, माइकची पातळी सगळीकडे सारखी. लॅपटॉपला एकच जॅक, पीसीला दोन, ती भानगड नाही. वायरवरच म्यूटचं बटण. आणि विंडोजला वेगळं डिव्हाइस दिसत असल्यामुळे गेम नि डिस्कॉर्ड हेडसेटवर आणि घरच्यांसाठी गाणी स्पीकरवर असं एकाच वेळी ठेवता येतं. आणि ज्याच्या मदरबोर्डचा जॅकच खराब आहे त्याला यूएसबी लावल्या लावल्या शांतता मिळते, कारण आकड्यांचा आवाज होण्याचं काम डब्याच्या बाहेर जातं. काकांनीच वर सांगितलंय की ती चिप बाहेर असते.

तारवाला_काका

@दुपारची_शिफ्ट तुमचं सगळं बरोबर आहे, तुमच्या वापराला यूएसबीच योग्य, दिवसभर कॉल असतील तर मी पण तेच सांगेन. माझी अडचण वेगळी आहे. दुकानात माझ्यासमोर जे बंद हेडसेट येतात त्यातले बहुतेक वायरने गेलेले असतात, एकतर पिनेपाशी नाहीतर कपात जिथे वायर शिरते तिथे. ३.५ची पिन कापून नवी लावणं हे थोड्या वेळाचं काम. आतल्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो, तो आधी जाळावा लागतो नाहीतर सोल्डर धरत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. यूएसबीची पण वायर जोडता येते, पण आतली चिपच गेली तर ड्रायव्हर, गादी, माइक सगळं धडधाकट असून हेडसेट फेकायची वेळ येते. आणि अगदी स्वस्त यूएसबी हेडसेटमध्ये जी चिप घालतात ती बऱ्याचदा मदरबोर्डवरच्या रियलटेकपेक्षा हलकी असते, यूएसबीच्या ५ व्होल्टवरचा गोंगाट पण ती गाळत नाही. म्हणजे यूएसबी घेतला की शांतता असं गृहीत धरू नका.

म्हणून मी म्हणतो दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हेडसेट ३.५चा घ्या, चांगल्यातला, आणि चिप बदलायची गरज पडलीच तर अंगठ्याएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं ते मध्ये लावा. दोन्हींचे फायदे हातात, आणि एक गेलं तर एकच बदलायचं. कंपन्या पण हेच करतात, हायपरएक्सचा क्लाउड टू बघा, हेडसेट मुळात ३.५चाच आहे आणि सोबत यूएसबीची डबी देतात.

ए_साइट_वरची

हो, हे एकदम पटलं. फक्त @नाशिकचा_नेमबाज खरेदी करताना पिन बघ. आजकाल बरेच ३.५चे हेडसेट एकाच पिनेचे येतात, त्यावर तीन काळ्या रेघा असतात, मोबाइलला आणि कन्सोलला चालावे म्हणून. ती पिन पीसीच्या हिरव्या जॅकला लावलीस तर ऐकू येईल पण माइक चालणार नाही, आणि मग पोरं हेडसेट खराब निघाला म्हणून परत करतात. त्याला स्प्लिटर लागतो, एका बाजूला हेडसेटसाठी एक भोक आणि दुसऱ्या बाजूला हेडफोन आणि माइक अशा दोन पिना. दुकानात नुसतं स्प्लिटर म्हटलं की दोघांनी एकत्र गाणी ऐकायचा देतात, तो उपयोगाचा नाही, माइकचं चिन्ह बघूनच घे.

ब्लूटूथवाला घेऊ नकोस हे पण सांगून ठेवते. आवाज उशिरा येतो, आणि माइक चालू केला की बहुतेक हेडसेटमध्ये ऐकायचा आवाज पण फोन कॉलसारखा चपटा होतो. वायरलेस हवाच असेल तर सोबत २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल येतो तो बघ, पण तुझ्या बजेटमध्ये वायरच बरी.

नाशिकचा_नेमबाज

सगळ्यांचे आभार, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या जॅकला लावून बघितलं, काका, माउसची खरखर आणि लोड होतानाचं किर्र दोन्ही गेलं!! सूंऽऽ पण जवळजवळ नाहीच. पण डिस्कॉर्डवर रेकॉर्ड करून ऐकलं तर माइकमध्ये अजून गुणगुण आहे आणि मागे सुसु. आणि हो, पत्र्याला झिणझिण्या येतात, मला वाटायचं पीसीला असं होतंच असतं. घर आजोबांच्या वेळचं आहे, बाबांनी इलेक्ट्रिशियनला रविवारी बोलावलंय. तोपर्यंत माइकसाठी अजून काही करता येईल का? आणि ते छोटं यूएसबी साउंड कार्ड आत्ताच घेऊन ठेवू का?

तारवाला_काका

आत्ता घेऊ नकोस. आधी अर्थिंग होऊ दे, गुणगुण त्याचीच असणार. अर्थिंग म्हणजे खरी वायर टाकून घे, सॉकेटमध्ये न्यूट्रलला तार जोडून अर्थ दिलं असं कोणी करायला लागला तर करू देऊ नकोस, न्यूट्रल कुठे तुटली तर कॅबिनेटवर थेट करंट येतो. आणि तोपर्यंत पत्र्याला हात लावायचा नाही, वायरी काढायच्या-घालायच्या असतील तर आधी मेन स्विच बंद.

सुसु आवाज वेगळा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगमध्ये माइकची प्रॉपर्टी उघड, लेव्हल्समध्ये माइक बूस्ट दिसेल, तो +३०वर असेल तर +१०वर आण. बूस्टने तुझा आवाज वाढतो तितकाच मागचा कचरा पण वाढतो. त्यापेक्षा माइकची दांडी ओठांच्या कोपऱ्याजवळ आण, दोन बोटांच्या अंतरावर, समोर नको नाहीतर श्वास फुसफुसतो. एवढं करून, अर्थिंग झाल्यावर पण मदरबोर्डचा माइक सुसु करत असेल तरच यूएसबी डबी घे, आणि ती मागच्या बाजूच्या यूएसबीला थेट लाव, हबमध्ये नको.

दुपारची_शिफ्ट

डबी घेतलीस तर एक लक्षात ठेव, विंडोज आणि डिस्कॉर्ड दोन्हीकडे तेच डिव्हाइस निवड, डिस्कॉर्डमध्ये डिफॉल्ट ठेवलं की कधीकधी ते जुन्या जॅकवरच माइक शोधत बसतं. आणि कोणी डिस्कॉर्डवर बोलायला लागलं की गेमचा आवाज आपोआप खाली जात असेल तर विंडोजच्या साउंडमध्ये कम्युनिकेशन्स टॅबमध्ये डू नथिंग कर, आणि डिस्कॉर्डमध्ये अटेन्युएशन शून्यावर आण. पावलं ऐकायचीयेत ना, मग हे पहिलं कर.

नाशिकचा_नेमबाज

बूस्ट +३०वरच होता! +१० केला, माइक जवळ घेतला, मित्र म्हणाले सुसु गेला, फक्त गुणगुण राहिलीये. कम्युनिकेशन्सवालं पण बदललं. ठरलं मग, ३.५चाच घेतो, पूर्ण ५ हजार हेडसेटवरच, स्प्लिटर माइकच्या चिन्हाचा. रविवारी अर्थिंग झालं की गुणगुणीचं काय झालं ते इथेच लिहितो.