मदत हवी आहे: एकामागोमाग दोन एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच), शॉर्ट झाला की खालचा पण पडतो

सांगलीत गावभागात जुनं घर आहे, किटकॅट फ्यूजचा लाकडी बोर्ड काढून वरच्या मजल्यावर नवीन डीबी (एमसीबींचा बोर्ड) बसवतोय. मीटर खाली आहे, त्याच्याशेजारी ३२ अँपिअर सी कर्व्हचा डबल पोल एमसीबी, तिथून ६ स्क्वेअर एमएमची कॉपर वायर भिंतीतल्या पाइपातून वर येते. वायरमन म्हणतो वर पण ३२चाच मेन टाकू, मग ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) आणि पुढं १६ नि ६चे.

अडचण अशी की गिझरच्या लाइनला शॉर्ट झाला तेव्हा १६चा पडलाच पण खालचा ३२ पण पडला, आणि खालची जागा दुकानाला भाड्यानं दिलीय, रात्री शटर बंद, म्हणजे सकाळपर्यंत अंधारात बसा. ओव्हरलोडला असं होत नाही, तेव्हा फक्त १६चाच पडतो. सी कर्व्हचा एमसीबी त्याच्या अँपिअरच्या पाच ते दहा पटीला लगेच सुटतो हे वाचलंय, म्हणजे मोठ्या शॉर्टला दोघं एकदमच सुटणार. गिझरचा एमसीबी बदलून पाहिला, कनेक्शन टाइट केली, फरक नाही.

सिंगल फेज, मंजूर लोड ५ किलोवॅट. मीटर हलवता येत नाही, भिंत फोडून वायर बदलायची नाही. खाली ४०चा टाका असं एकजण म्हणाला, पण मग वायरला संरक्षण काय राहिलं, उन्हाळ्यात पाइपात किती तापते ते बघा की!

तर वर ३२च्या एमसीबीऐवजी नुसता आयसोलेटर (आपोआप न पडणारा, हातानं बंद करायचा स्विच) चालेल का, आणि खाली डी कर्व्ह (सी पेक्षा जास्त पटीला लगेच सुटणारा) किंवा एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्ट करंट तोडणारा) टाकला तर वरचा १६चा एकटाच पडेल का?