संत्र्याची साल: पोटात की ओल्या कचऱ्यात?

पाचपाखाडीकर: काल सासूबाईंनी संत्र्याच्या सालींची चटणी वाढली. वर ऐकवलं, "साल टाकतेस म्हणजे निम्मं सत्त्व फेकतेस." मी पडताळून पाहिलं तर बाई बरोबर! 100 ग्रॅम सालीत क जीवनसत्त्व सुमारे 136 मिलिग्रॅम, गरात 53च्या आसपास. तंतुमयता तर चौपट. यापुढे आमच्याकडे साल खाल्ली जाणार.

नेरूळचा नाना: 100 ग्रॅम साल कोण खातं हो? चमचाभर चटणीत 10 ग्रॅम धरा. चौदाएक मिलिग्रॅम, त्यातलं फोडणीत किती टिकेल देव जाणे. त्यापेक्षा अख्खं संत्र खावं. आणि फवारणी आधी पडते कुठे? सालीवरच. वाशीच्या फळबाजारात परदेशी संत्री येतात ना, ती बोटीच्या प्रवासात कुजू नयेत म्हणून त्यांना बहुधा इमॅझॅलिल किंवा थायाबेंडाझोल ही बुरशीनाशकं लावलेली असतात. ती बरीचशी सालीतच राहतात. वरून चढवलेलं मेण खाण्याजोगं असतं, भीती त्याची नाही.

पाचपाखाडीकर: आमची नागपुरी होती. जांभळी नाक्यावरून आणलेली.

नेरूळचा नाना: नागपुरीवर काय गंगाजल शिंपडतात? विदर्भातही मेण चढवणारे प्रकल्प आहेत, आणि बागेतली फवारणी वेगळीच.

कळव्याची मावशी: नाना, गर तरी सोवळा आहे का? इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशकं झाडाच्या रसातून फिरतात, सोलून जात नाहीत. न धुता सोललं तर सालीवरचं बोटांना लागून गरावर येतं ते वेगळं. आणि तुमच्या हिशेबाने लिंबाचं लोणचंही बंद करायचं का? ते सालीसकटच असतं!

नेरूळचा नाना: लोणच्याला हात लावणार नाही, घरात राहायचंय मला. पण फोड दोन खातो, वाटीभर नाही.

कळव्याची मावशी: मग चटणीही चमचाभरच होती की.

घणसोली_७: तुम्ही दोघं टोकं धरून बसलात. सालीखालचा पांढरा भाग आणि फोडींवरच्या शिरा राहिल्याच. पेक्टिन (विरघळणारे तंतू) आणि हेस्पेरिडिन (लिंबूवर्गीय फळांतलं एक वनस्पतिजन्य संयुग) तिथेच जास्त. आमचा भाचा मात्र एकेक शीर ओढून काढतो, सोनाराने तार ओढावी तशी. आणि गाळून रस पिणाऱ्यांनी तर या वादात पडूच नये.

पाचपाखाडीकर: बरं, धुऊन किती जातं?

घणसोली_७: वरचं बरंचसं, नळाखाली चोळून धुतलं तर. मेणाखालचं आणि सालीत मुरलेलं नाही.

पाचपाखाडीकर: म्हणजे परदेशी असेल तर साल कचऱ्यात, नागपुरी असेल तर चोळून धुऊन चटणी. सासूबाईंना अर्धाच धागा वाचून दाखवते.